दाताची कड

"हो मॅडम… हो, बरोबर आहे तुमचं. काय आहे, पोर्सेलीनचं काम आमची मिसेस बघते. हल्ली तिचा हात जरा घाईचा झालाय. मी सांगतो तिला. नाही नाही, पुन्हा नाही होणार."

वहिनीचा नवरा फोनवर बोलत होता आणि ती त्याच खोलीत, भट्टीसमोर, लांब चिमटा हातात धरून उभी होती. चिमट्याच्या टोकावर एक दाढ होती, नुकती भट्टीतून निघालेली. ती दाढ तिने थंड व्हायला विटेवर ठेवली, चिमटा खुंटीला लावला आणि मगच वळली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण गरम पोर्सेलीन हातात असताना भांडायचं नाही हे तिला कळत होतं.

"माझा हात घाईचा?" ती म्हणाली.

"अगं, काहीतरी सांगावं लागतं डॉक्टर लोकांना. तू लगेच मनाला लावून घेऊ नकोस."

"मग 'माझा हात' म्हणायचं. 'तिचा' कशाला?"

नवऱ्याने फोन खिशात टाकला. तो प्लास्टर कालवायला लागला. अडचणीचा प्रश्न आला की त्याला हटकून प्लास्टर कालवायचं असे.

दोघांची दातांची लॅब होती. दवाखान्यांमधून पेशंटच्या दातांची मापं यायची आणि इथून तयार कॅप जायच्या. लॅब म्हणजे घराचीच पुढची खोली: दोन टेबलं, एक भट्टी, खिडकीखाली सिंक, आणि सगळ्या वस्तूंवर पांढऱ्या पुडीचा हात फिरलेला. कामाची वाटणी लग्नानंतर लवकरच ठरून गेली होती. मापात प्लास्टर ओतून दात काढायचा आणि हिरडीजवळची त्याची कड कोरून मोकळी करायची, हे नवऱ्याचं काम. त्या प्लास्टरच्या दातावर मेण, मग धातू, मग पोर्सेलीनचे थर, रंग, चकाकी, हे वहिनीचं. हा धंदा तिला नवऱ्यानेच शिकवला होता. पण कडेला त्याने तिला कधी हात लावू दिला नाही. "कड बिघडली की सगळं बिघडलं," असं तो म्हणायचा, आणि ते खरंही होतं. कॅप दातावर जिथे संपते तिथे केसाएवढी फट राहिली तरी आतून दात किडतो.

आणि आता कॅप परत येत होत्या. सगळ्या नाही, मधूनच एखादी. पण कुरिअरच्या माणसाने डबी पुढे करताना "वहिनी, ही परत आलीय" असं म्हटलं की ती हातातलं काम सोडून आधी डबी उघडायची. चिठ्ठीवर दर वेळी तेच असे: कडेला फट. नवरा कॅप हातात घेऊन उलटीपालटी करायचा आणि सुस्कारा टाकायचा. "पोर्सेलीन भट्टीत आखडतं. तू थर जाड लावतेस. कड वर ओढली जाते." सुरुवातीला तिने विश्वास ठेवला. थर पातळ केले, भट्टी हळू तापवली, रात्री अंथरुणात पडूनही तिला कडा दिसायच्या. तरी कॅप परत आल्याच. मग ती स्वतःवर चिडली, त्यानंतर भट्टीवर. आणि त्या फोननंतर नवऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी तिने ती परत आलेली कॅप त्याच पेशंटच्या प्लास्टरच्या दातावर चढवली आणि भिंगाखाली धरली. चोख बसत होती. फट कुठे दिसेना. तिने मोबाइल काढला, भिंगाला टेकवला आणि फोटो घेतला. नवऱ्यापुढे धरला.

"बघा. कुठाय फट?"

"काय दिसतंय यात? इथे एवढासा ठिपका स्पष्ट आहे, बाकी सगळं धुकं."

ते मात्र खरं होतं. दाताचा पुढचा फुगवटा लख्ख आला होता, आणि कड गोल फिरून मागे जाताना विरघळून गेली होती. दुसरा फोटो घेतला तर कडेचा एक तुकडा आला आणि फुगवटा गेला. ती दुपारभर फोटो काढत बसली. नवरा मधूनच म्हणायचा, "झालं का शूटिंग?" आणि स्वतःच्याच विनोदावर दात काढायचा.

शेवटी तिने नणंदेला फोन लावला.

नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. पन्नाशीला आली तरी घरात सगळे तिला बेबीच म्हणत, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. ती शाळेच्या प्रयोगशाळेत साहित्य सांभाळायची आणि सुट्टीच्या दिवशी मुंग्यांचे फोटो काढायची. मुंग्यांचे! भावाने त्या छंदाची आयुष्यभर थट्टा केली होती. वहिनीनेही त्यात दोन-चारदा हसून भर घातली होती, ते तिला फोन लावताना आठवलं.

"बेबी, तुझ्या मुंग्या डोक्यापासून शेपटापर्यंत स्पष्ट कशा येतात गं? माझा दात येत नाही."

"मुंगीला शेपूट नसतं, वहिनी," बेबी म्हणाली. "आणि एका फोटोत येतच नाही. इतक्या जवळून घेतलं की कागदाच्या जाडीएवढाच भाग स्पष्ट मिळतो. म्हणून खूप फोटो घ्यायचे, प्रत्येकात थोडा पुढचा भाग. मग कॉम्प्युटर प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलतो आणि एकावर एक रचून एकच फोटो करतो. फोकस स्टॅकिंग म्हणतात. रविवारी येते."

रविवारी ती कॅमेरा, एक उंच स्टँड आणि एक जुना मायक्रोस्कोप घेऊन आली. मायक्रोस्कोपची नळी केव्हाच मोडली होती. शाळेने तो भंगारात काढला तेव्हा बेबीने मागून घेतला होता. तिला त्याचा फक्त खालचा भाग हवा होता. काचपट्टी ठेवायचा मंच, आणि तो मंच हळूच वरखाली करणारी बाजूची, बारीक रेघा आखलेली चकरी. कॅमेरा वरून खाली बघणारा, जागच्या जागी आवळलेला. दात मंचावर, मेणाच्या गोळ्यात आडवा रोवलेला. चकरी एक रेघ फिरवली की दात डोळ्याला न दिसेल इतका वर सरकतो आणि स्पष्ट भाग एक पायरी मागे जातो.

नवरा दारात उभा राहून बघत होता. "काय, दाताचा एक्सरे का?"

"तू चहा टाक, दादा," बेबी म्हणाली. तो गेला.

पहिला डाव पार फसला. जोडलेल्या फोटोत दातावर फिकट-गडद पट्टे उठले होते. "कॅमेरा स्वतःच्या मनाने उजेड कमी-जास्त करतोय," बेबी म्हणाली. "त्याचं मन काढून घे. सगळं हाताने ठरव आणि मग शेवटपर्यंत बदलू नकोस." दुसऱ्या वेळी खिडकीतलं ऊन सरकलं. वहिनीने पडदा ओढला आणि दोन्ही बाजूंना दिवे लावले, तर पांढरा दात इतका चमकला की त्यावरचं काही दिसेना. तिने दिव्यांपुढे पातळ कागद लावला. तिसऱ्या वेळी सगळं हललं. नवऱ्याने शेजारच्या टेबलावर प्लास्टरमधले बुडबुडे काढणारं कंपनयंत्र सुरू केलं होतं.

"बंद करा ते!"

"मला काम आहे."

"मलाही आहे!"

यंत्र बंद झालं, पण ते बंद करताना त्याने बटण असं काही दाबलं की टेबलावरची सगळी हत्यारं खणखणली.

चौथ्या वेळी फोटोत एक पट्टा स्पष्ट, एक धूसर, परत एक स्पष्ट, असं झालं. बेबीने तिच्या हाताकडे बघितलं. "वहिनी, तू रागात चकरी फिरवतेयस. मधल्या रेघा उडी मारून जातायत. जी पायरी गाळलीस ती नंतर कुठूनही आणता येत नाही. राग सोड आधी."

"राग नाही सोडणार," वहिनी म्हणाली. "हात हळू करते."

आणि तिने खरंच हात हळू केला. दात-ओठ खात, पण हळू. एक रेघ. थांबायचं, हलणं शांत होऊ द्यायचं. टायमरने फोटो. परत एक रेघ. फुगवट्यापासून सुरुवात करून कडेपर्यंत, आणि कड ओलांडून पार मागे, जिथे काहीच स्पष्ट उरत नाही तिथपर्यंत. बेबीने सगळे फोटो हिशेबाच्या कॉम्प्युटरवर टाकले. जोडणीची पट्टी सरकत राहिली. मग पडद्यावर दात उमटला.

वहिनीने आयुष्यात इतके दात हाताळले होते, पण असा एकही बघितला नव्हता. प्लास्टरचे कण दिसत होते. पोर्सेलीनच्या चकाकीखाली तिने ब्रशने ओढलेली पिवळसर रेघ दिसत होती. आणि कड, अख्खी कड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिची कॅप प्लास्टरवर अशी बसली होती की दोघांत नखही शिरलं नसतं.

"बघ!" ती ओरडली. "बघ, कुठाय फट! माझा हात घाईचा म्हणे!"

बेबीलाही आनंद झाला, पण तिचे डोळे पडद्यावरच होते. "मग तोंडात फट का पडते?" तिने विचारलं. "दात तोच ना?"

हा प्रश्न वहिनीला आत कुठेतरी बोचला. दात तोच असायला हवा. डॉक्टरांच्या मापावरून काढलेला. तिला आठवलं की प्रत्येक मापात प्लास्टर दोनदा ओतलं जातं. एक प्रत कामासाठी, तिच्यातला दात कापून, कड कोरून वहिनीकडे येतो. दुसरी तशीच, काहीही न कोरता, खोक्यात पडून राहते. तिने उठून ती दुसरी प्रत शोधली, तोच दात मंचावर बसवला आणि पुन्हा चकरी धरली. या वेळी बेबीला काही सांगावं लागलं नाही.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले.

न कोरलेल्या दातावर हिरडीपाशी एक अरुंद पायरी होती. डॉक्टरांनी कॅपसाठी दात तासताना मुद्दाम ठेवलेली. कॅप त्या पायरीवर टेकायला हवी. कोरलेल्या दातावर ती पायरी निम्म्या भागात नव्हतीच. पात्याने सरळ छिलून टाकली होती. पात्याचे ओरखडेसुद्धा दिसत होते, तिरपे, एकामागे एक. वहिनीने आपली कॅप त्या चुकीच्या कडेवर अगदी बिनचूक बसवली होती. जितकी बिनचूक बसवली, तितकी ती तोंडात आखूड पडत होती.

बेबीने हळूच कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

"दादा कोरतो ना कड?"

"कुणाला हात लावू देत नाही कडेला," वहिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "बोलाव त्याला."

एरवी ती नवऱ्याचा उल्लेख "हे" असा करायची. बेबीने ते ऐकलं आणि मुकाट्याने आत गेली.

नवरा आला. पडद्यापासून दोन हात लांब उभा राहून त्याने दोन्ही फोटो बघितले, मान मागे घेतली, पुन्हा बघितले. "हे जोडलेले फोटो आहेत," तो म्हणाला. "शिवलेले. इतके तुकडे एकत्र केल्यावर काय, कॉम्प्युटर वाटेल ते दाखवेल. याला काय अर्थ आहे?"

"दादा, तो काही मनाचं घालत नाही. जे स्पष्ट आहे तेवढंच उचलतो."

"तू गप्प बस गं. तुझ्या मुंग्या वेगळ्या, दात वेगळे."

वहिनी उठली. तिने आपली खुर्ची त्याच्यासाठी सरकवली. "बसा. तुम्ही काढा."

"मी कशाला?"

"मी जोडून खोटं करते ना? तुमच्या हाताने करा. तुम्ही कोरलेला दात, तुम्ही फिरवलेली चकरी. मी लांब उभी राहते. बसा म्हणते ना!"

ती असं कधी बोलत नसे. तो बसला. वहिनीने दात मंचावर ठेवला. बेबीने सांगितलं, "ही खूण आणि चकरीवरची रेघ जुळवायची. मग एक रेघ पुढे, एक फोटो. बस्स."

नवरा वाकला. चकरी धरली. डोळे बारीक केले, मग मान मागे नेली, मग दिवा स्वतःकडे वळवला. बोट चकरीवर तसंच राहिलं.

"कुठली रेघ?" त्याने विचारलं.

"ही काय. काळी. समोरच आहे," बेबी म्हणाली.

तो अजून वाकला. त्याचं नाक जवळजवळ मंचाला टेकलं. कपाळावर घाम आला. वहिनी बघत होती. वर्तमानपत्र हात लांब करून वाचणारा, मोबाइलवरचा नंबर दुसऱ्याकडून वाचून घेणारा, जेवताना "यात केस आहे का बघ गं" म्हणून ताट पुढे सरकवणारा हा माणूस तिच्यासमोर रोज वावरत होता, आणि तिला कधी काही सुचलं नव्हतं. एखाद्या बाईला इथे दया आली असती. तिला आली नाही.

"तुम्हाला दिसत नाही," ती म्हणाली.

"जवळचं जरा धूसर होतं. हाताला सवय आहे, त्यामुळे—"

"कधीपासून?"

त्याने चकरीवरचं बोट काढून घेतलं.

"कधीपासून, विचारतेय मी!"

"गेल्या वर्षी… त्याच्या आधी थोडं. दुपारनंतर जास्त होतं. मला वाटलं, थकवा असेल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पहिली कॅप परत आली तेव्हाही."

"खात्री नव्हती गं. शंका होती."

"शंका तुमच्या डोळ्यांची, आणि नाव माझ्या हाताचं!" आता तिचा आवाज चढला. "मी रात्र-रात्र विचार करत होते कुठे चुकते म्हणून. थर पातळ केले. भट्टी बदलायला निघाले होते. तुम्ही बघत होतात. माझ्याकडे बघून सुस्कारे टाकत होतात! त्या मॅडमसमोर मला घाईच्या हाताची केलंत, कुरिअरवाल्यासमोर केलंत, या बेबीसमोर केलंत. डोळे जातात माणसाचे, कुणाचेही जातील. चष्मा लागला म्हणून मी काय घराबाहेर काढलं असतं तुम्हाला? पण तुम्हाला तुमची कड सांभाळायची होती. मग माझं काही का होईना!"

"अगं, हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. त्यांनाही फोटो दाखवते."

बेबी खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. तिने बाहेर बघतच म्हटलं, "दादा, सॉरी तरी म्हण."

"सॉरी," नवरा खाली बघून म्हणाला.

"मला नाही," वहिनी म्हणाली. "फोन लावा मॅडमना."

"आज रविवार आहे. उद्या सांगतो."

"माझं नाव सांगायला तुम्ही सोमवारची वाट बघितली नव्हती."

त्याने मोबाइल काढला. नंबर त्याला सापडेना. बेबीने पुढे होऊन लावून दिला आणि स्पीकर सुरू केला. रिंग वाजत राहिली. वहिनी हाताची घडी घालून उभी होती आणि फोन आपणच करतोय असं तिला वाटत होतं.

"मॅडम, लॅबमधून बोलतोय. सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय. ती परत आलेली कॅप… त्यात आमच्या मिसेसची काही चूक नव्हती." तो थांबला. वहिनी हलली नाही. "प्लास्टरची कड मी कोरतो. ती मी जास्त कापली. माझी नजर कमी झालीय. आधीच्याही बहुतेक माझ्यामुळेच. ते सांगायचं होतं."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. "अच्छा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरं. मग नवीन कधी मिळेल?"

एवढंच. वहिनीला वाटलं होतं, त्या दचकतील, "अरेरे" म्हणतील, निदान तिला फोन द्यायला सांगतील. इतके दिवस ती ज्या बोलण्याने जळत होती, ते पलीकडच्या बाईच्या लक्षातही नव्हतं. आता राग कुणावर काढावा हेच तिला कळेना. ती फोनकडे झुकली. "गुरुवारी देते, मॅडम. कड मी कोरणार आहे," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

बेबी जाताना कॅमेरा तिथेच ठेवून गेली. "मुंग्या कुठे जात नाहीत," म्हणाली.

सोमवारी नवरा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. वहिनी सोबत गेली नाही. तिने त्याची खुर्ची भिंगासमोरून उचलून सिंकशेजारी ठेवली आणि आपली खुर्ची भिंगासमोर आणली. पहिला दात कोरायला तिला अर्धा दिवस लागला. पात्याचा कोन जमेना, पातं घसरलं, आणि कडेशी एक टवका उडाला. तिने फोटोंचा थर रचून बघितलं. टवका पडद्यावर विहिरीएवढा दिसत होता. तिने तो दात मोडून टाकला आणि नवीन ओतला. नवरा सिंकपाशी भांडी धूत उभा होता. त्याने टवका उडताना ऐकला असणार. पण त्याने भांडी धुणं चालू ठेवलं, आणि त्यातच त्याचं भलं होतं.

काही दिवस घरात कामापुरतंच बोलणं राहिलं. माप आलं. प्लास्टर संपलं. जेवायला वाढलंय. बेबीने एकदा फोनवर विचारलं, "अजून चिडलीयस?" वहिनी म्हणाली, "हो." बेबी मुंगीच्या जबड्याबद्दल सांगायला लागली.

चष्मा आला त्या दुपारी नवरा लॅबमध्ये येऊन थेट कॉम्प्युटरपाशी गेला. ते दोन फोटो त्याने स्वतःच उघडले. खुर्ची पुढे ओढून तो बसला आणि बराच वेळ बघत राहिला. कोरलेल्या दातावरचे तिरपे ओरखडे त्याने बोटाने पडद्यावर, एकेक करत, शेवटपर्यंत गिरवले.

"केवढी कापली मी," तो म्हणाला. "हे असं… पेशंटच्या तोंडात गेलं."

वहिनीने मान वर केली. त्याचा चेहरा नव्या चष्म्यात उघडा पडल्यासारखा दिसत होता. तिला काही बोलावंसं वाटलं, पण जे तोंडात आलं ते अजून कडवटच होतं, म्हणून तिने ते गिळलं.

"मला परत कड कोरू देशील?" त्याने विचारलं. त्याच्याकडून असा प्रश्न ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"आधी वाया गेलेल्या दातांवर कोरा. प्रत्येकाचा फोटो मी काढणार. माझ्याही दातांचा निघतो, तुमच्याही निघेल. मी बघेन आणि मग सांगेन."

"आणि तोवर?"

"तोवर ते माप ओतायचंय. प्लास्टर पातळ कालवू नका."

तो उठला, बाह्या वर केल्या आणि सिंककडे गेला.